आपापला ईमॅक्स, सगळ्यांचा ईमॅक्स

अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत मजकूर लिहायला आणि दुरुस्त करायला टेको नावाचा एक एडिटर वापरत. डॅन मर्फी यांनी तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला होता. त्यात एकेका अक्षराच्या आज्ञा ओळीनं लिहून काम करून घ्यायचं. अशा आज्ञांची मालिका साठवून पुन्हा वापरता यायची, तिला मॅक्रो म्हणत. १९७० च्या दशकाच्या मध्याला रिचर्ड स्टॉलमन यांनी टेकोला एक सोय जोडली. कळ दाबली की तिला नेमून दिलेला मॅक्रो लगेच चालायचा आणि पडद्यावरचा मजकूर जागच्या जागी बदललेला दिसायचा. ही सोय हाती येताच प्रयोगशाळेतला जो तो आपापले मॅक्रो रचू लागला. थोड्याच काळात अशी वेळ आली, की एकाच्या टर्मिनलवर दुसरा बसला तर त्याला साधा परिच्छेद दुरुस्त करता येईना, कारण प्रत्येकाच्या कळा निराळ्या. तेव्हा १९७६ मध्ये गाय स्टील यांनी हे विखुरलेले मॅक्रो गोळा करून त्यांचा एक सामाईक संच करायचं काम हाती घेतलं आणि स्टॉलमन यांनी ते तडीस नेलं. ‘एडिटर मॅक्रोज’वरून त्या संचाला ईमॅक्स हे नाव पडलं.

‘वाटेल तसा बदलता येतो’ अशी ज्याची ख्याती, तो एडिटर जन्माला आला तो अतोनात बदलांचा गुंता सोडवायला. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत हा प्रश्न त्याच्या मागून हटलेला नाही. प्रत्येकाला हवं ते करू द्यायचं, आणि तरीही सगळ्यांना एकमेकांकडून शिकता येईल इतकं काहीतरी सामाईक राखायचं. दोन्ही एकदम कसं जमवायचं? ईमॅक्सभोवतीच्या शिकण्याशिकवण्याकडे आणि तिथल्या समाजजीवनाकडे या प्रश्नाच्या बाजूनं पाहिलं, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींची संगती लागते.

आधी हा एडिटर आतून कसा आहे ते पाहू. आज जो प्रचलित आहे त्या ग्नू ईमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे. पडदा रंगवणं, स्मृती सांभाळणं आणि लिस्प भाषा चालवणं ही कामं तो करतो. बाकी बहुतेक सगळा एडिटर ईमॅक्स लिस्प या भाषेत लिहिलेला आहे. कर्सर हलवण्यापासून परिच्छेद सारखा करण्यापर्यंत प्रत्येक कळेमागे एक फंक्शन असतं आणि ते चालू एडिटरच्या आत बदलता येतं. उदाहरणार्थ, ऑल्ट-क्यू दाबलं की परिच्छेदाच्या ओळी ठरावीक रुंदीत नीट बसवल्या जातात. ही कळ नेमकं काय करते हे पाहायचं असेल, तर कंट्रोल-एच, मग के, आणि मग तीच कळ दाबायची. खालच्या खिडकीत फंक्शनचं नाव, त्याचा खुलासा आणि ते ज्या फाइलमध्ये लिहिलंय तिचा दुवा येतो. दुव्यावर गेलं की मूळ कोड समोर उघडतो. त्यातली एखादी ओळ बदलून कंट्रोल-ऑल्ट-एक्स दाबलं, की त्या क्षणापासून ती कळ नव्या पद्धतीनं वागू लागते. पुन्हा संकलन नको आणि एडिटर बंद करून उघडणंही नको. काही बिघडलंच तर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर मूळ वागणूक परत येते, त्यामुळे हात घालायला भीती वाटत नाही.

स्टॉलमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ईमॅक्सची तीन लक्षणं होती. तो वाढवता येतो, आपल्यापुरता बदलता येतो आणि स्वतःची माहिती स्वतः देतो. या तिसऱ्या लक्षणाकडे लोकांचं फार कमी लक्ष जातं. माझ्या मते बाकीची दोन लक्षणं टिकली ती याच्या आधारावर. बदल करण्याची मुभा अनेक साधनांत असते. पण आत्ता काय आहे आणि ते कुठून आलं, हे साधनानं स्वतःच सांगितलं नाही, तर ती मुभा मोजक्या जाणकारांच्या हातात राहते.

याची साक्ष देणारी एक जुनी घटना स्टॉलमन यांनी आपल्या भाषणात सांगितलेली आहे. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये मल्टिक्स या यंत्रणेसाठी ईमॅक्स लिहिला, आणि तोही लिस्पमध्ये. त्यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी तो वापरू लागल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत एडिटरला नव्या आज्ञा कशा जोडायच्या हे सांगितलं होतं, पण याला प्रोग्रॅमिंग म्हणतात असं कुठेच म्हटलं नव्हतं. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही अशी त्यांची खात्री होती, पण ते नावच समोर न आल्यामुळे त्या बिचकल्या नाहीत. आपल्या कामाला लागतील तशा आज्ञा त्यांनी लिहिल्या. त्या शिकल्या त्या रोजच्या कामाच्या ओघात, हाताशी असलेली अडचण सोडवताना. ईमॅक्समध्ये माणसं आजही बहुधा याच पद्धतीनं शिकतात. एक दिवस एखादी गोष्ट खटकते, ती कुठे लिहिली आहे ते सापडतं, आणि चार ओळींचा बदल होतो. पुढच्या वेळी त्या चाराच्या दहा होतात.

आता सामाईकपणाकडे येऊ. सुरुवातीच्या ईमॅक्सला स्टॉलमन यांनी एक अट घातली होती. ज्याला हवा त्यानं तो फुकट घ्यावा, पण केलेल्या सुधारणा परत पाठवाव्यात, म्हणजे त्या सगळ्यांना मिळतील. या व्यवहाराला ते ईमॅक्स कम्यून म्हणत. हा व्यवहार विश्वासावर चालला होता, कायद्याचं बळ त्यामागे नव्हतं. जेम्स गॉस्लिंग यांनी (पुढे जावा भाषा रचणारे हेच) १९८१ मध्ये युनिक्ससाठी सी भाषेत एक ईमॅक्स लिहिला. सुरुवातीला तो मोकळेपणानं वाटला जात होता, नंतर त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये आपल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ग्नू ईमॅक्स लिहायला घेतला, तेव्हा त्यात गॉस्लिंग यांच्या कोडचा काही भाग होता. कंपनीनं हरकत घेतल्यावर १९८५ मध्ये तो सगळा काढून नव्यानं लिहावा लागला. त्याच वर्षी ग्नू ईमॅक्स लोकांपर्यंत पोचला आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. ईमॅक्ससाठी तयार केलेल्या परवान्यातूनच १९८९ मध्ये जीपीएल हा सर्वसाधारण परवाना आला. बदल करून वाटायचं असेल तर बदललेला कोडही त्याच हक्कांसह द्यावा, हे त्याचं सार. कम्यूनमधली विश्वासाची अट अशी कागदावर आली. धुळ्याकडे पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीनं पाणी फिरतं. शेत ज्याचं त्याचं, पण बंधारा आणि पाट साऱ्यांचे, त्यांची डागडुजीही साऱ्यांनी मिळून करायची. जीपीएलची कल्पना मला त्याच जातीची वाटते.

परवाना नीट असला म्हणून माणसं एकत्र राहतातच असं नाही. लुसिड या कंपनीला १९९१ च्या सुमारास आपल्या उत्पादनासाठी ग्नू ईमॅक्सची पुढची आवृत्ती हवी होती आणि ती वेळेत येत नव्हती. कंपनीच्या लोकांनी स्वतःच बदल करून लुसिड ईमॅक्स काढला. नंतर त्याचं नाव एक्सईमॅक्स झालं. रचनेवरून मतभेद झाले, वेगावरून झाले, कोडच्या मालकीच्या कागदपत्रांवरूनही झाले. दीर्घकाळ दोन ईमॅक्स शेजारी शेजारी चालले. ईमॅक्सला जोडायची पूरक पॅकेजं लिहिणाऱ्याला दोन्हींची काळजी घ्यावी लागे आणि शिकणाऱ्याला मिळालेलं उत्तर कोणत्या ईमॅक्सचं आहे हे आधी तपासावं लागे. काही बाबतींत एक्सईमॅक्स पुढे होता, हे मान्य करायला हवं. पॅकेजं वेगळी बसवण्याची सोय त्यात आधी आली, ग्नू ईमॅक्समध्ये ती २०१२ च्या २४ व्या आवृत्तीत आली. पण ग्नूकडे नव्या माणसांचा ओघ चालू राहिला आणि एक्सईमॅक्सचं काम हळूहळू थांबलं. कोड दोघांकडेही खुला होता. तरीही एक बाजू टिकली ती शिकवणारी, उत्तरं देणारी आणि जुन्या चुका निस्तरणारी माणसं तिच्याकडे राहिली म्हणून, असं माझं वाचन आहे.

नवीन माणूस ईमॅक्स उघडतो तेव्हा त्याला पहिल्याच पडद्यावर शिकवणीचा दुवा दिसतो. ही शिकवणी म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. खाली कसं जायचं हे ती सांगते आणि तिच्यातच खाली जाऊन ते करून पाहायचं असतं. एखादी ओळ पुसून पुन्हा आणण्याचा सराव त्याच फाइलमधल्या ओळींवर होतो. तुम्ही एखादी कळ आधीच बदललेली असली, तर तसा इशाराही ती देते. त्यापुढची पायरी म्हणजे रॉबर्ट चॅसेल यांचं ईमॅक्स लिस्पची ओळख करून देणारं पुस्तक. ते ईमॅक्ससोबतच येतं आणि प्रोग्रॅमर नसलेल्या वाचकासाठी लिहिलेलं आहे. चॅसेल फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संस्थापक संचालकांपैकी होते. घाई न करता, वाचकाला सोबत घेऊन शिकवण्याची त्यांची हातोटी तांत्रिक पुस्तकांत क्वचित आढळते. पुस्तकातली उदाहरणं वाचता वाचता तिथेच चालवून पाहता येतात.

पण पुस्तकांनी सगळं होत नाही. प्रत्येकाचा ईमॅक्स निराळा असल्यामुळे दुसऱ्यानं काय केलं आहे हे पाहिल्याशिवाय काय काय शक्य आहे हे कळतच नाही. म्हणून इथे एकमेकांची सुरुवातीची फाइल वाचण्याची प्रथा आहे. ईमॅक्स सुरू होताना जी फाइल वाचतो, जिच्यात माणसानं आपल्या सगळ्या आवडीनिवडी लिहून ठेवलेल्या असतात, ती लोक जाहीरपणे मांडतात. कित्येकजण ती ऑर्ग मोडमध्ये लिहितात, म्हणजे आधी दोन परिच्छेद ‘मला हे का लागलं’ याचे आणि त्याखाली कोड. अशा फायली वाचताना एखाद्याची कामाची पद्धत समोर उलगडत जाते. संशोधक संदर्भ कसे ठेवतो, कादंबरीकार प्रकरणं कशी हलवतो, वकील तारखा कशा सांभाळतो, हे सगळं त्यातून दिसतं.

ऑर्ग मोडबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण आज प्रोग्रॅमर नसलेली बहुतेक माणसं ईमॅक्सकडे याच वाटेनं येतात. कार्स्टन डॉमिनिक हे अॅम्स्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ. आपली टिपणं आणि कामं एका जागी नीट राहावीत म्हणून २००३ मध्ये त्यांनी ऑर्ग मोड लिहिला. ओळीच्या सुरुवातीला एक तारका दिली की शीर्षक, दोन दिल्या की उपशीर्षक. शीर्षक मिटतं, उघडतं, वर-खाली सरकवता येतं. त्याला तारीख लावता येते, आणि सगळ्या फायलींतल्या तारखा एका कार्यपत्रिकेत गोळा होतात. मूळ फाइल मात्र साधा मजकूरच राहते, कोणत्याही यंत्रावर उद्याही उघडणारी. डॉमिनिक यांनी स्वतःसाठी केलेली ही सोय इतरांनी उचलली आणि तिच्यात भर घातली. त्याच फाइलमध्ये गणितं चालवून त्यांची उत्तरं तिथेच मिळवायची सोय झाली, तिच्यातून लेख आणि पुस्तकं तयार करायचीही झाली. डॉमिनिक यांनी जबाबदारी पुढच्या माणसाकडे सोपवली, त्यानंही पुढे सोपवली, आणि काम चालू आहे.

देवाणघेवाणीचे मार्ग अनेक आहेत. फिलिपाइन्समधून कॅनडात गेलेल्या साचा चुआ गेली अनेक वर्षं दर आठवड्याला ईमॅक्सच्या जगात काय नवं घडलं याची निगुतीनं नोंद करतात. ईमॅक्सकॉन्फ ही परिषद २०१३ मध्ये लंडनला भरली आणि २०१९ पासून ती दरवर्षी ऑनलाइन भरते. तिथे बोलणाऱ्यांत प्राध्यापक असतात, डॉक्टर असतात, विद्यार्थी असतात. आशिया-पॅसिफिक भागातल्या लोकांची मासिक बैठक भारतीय वेळेला सोयीच्या अशा शनिवारी दुपारी भरते. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नोंद ठेवण्याची सवय. कुणी काही शोधलं की तो ते लिहून ठेवतो, आणि ते पुढच्या माणसाला आयतं सापडतं.

सायप्रसचे प्रोतेसिलाओस स्टावरू हे याचं ठळक उदाहरण. राजकारण आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय, संगणकाचं शिक्षण नाही. ईमॅक्सकडे वळल्यावर ते शिकत गेले आणि शिकता शिकता इतरांना दाखवत गेले. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा विरोध असावा, म्हणजे कमजोर नजरेच्या माणसालाही वाचता यावं, या हेतूनं त्यांनी मोडस नावाच्या रंगयोजना तयार केल्या. २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून त्या ईमॅक्सचाच भाग आहेत. वापरणाऱ्याचा घडवणारा होतो हे विधान ईमॅक्सबद्दल अनेकदा केलं जातं. इथे ते काही थोड्या वर्षांत एका माणसाच्या बाबतीत खरं झालेलं दिसतं.

या कथेत पुण्याचाही एक माणूस आहे, आणि त्याचं काम मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा. काचबिंदूमुळे वयाच्या १४ व्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. नौरोसजी वाडिया कॉलेजमधून त्यांनी गणिताची पदवी घेतली, पुढे आयआयटी मुंबईत शिकले आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये पीएच.डी. केली. गणिताची सूत्रं ऐकून समजतील अशी कशी वाचून दाखवायची हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सला बोलकं करणारं ईमॅकस्पीक लोकांना दिलं.

ईमॅकस्पीकचं वेगळेपण समजायला कॅलेंडरचं उदाहरण पुरेसं आहे. ईमॅक्समध्ये कॅलेंडर उघडलं की डोळस माणसाला महिन्याचा तक्ता दिसतो. कर्सर एका आकड्यावर असतो, वर महिन्याचं नाव आणि वारांची ओळ असते. तारीख, वार, महिना हे सगळं त्याची नजर एका दृष्टिक्षेपात जोडून घेते. पडदा वाचून दाखवणारा नेहमीचा प्रोग्रॅम पडद्यावर जे रंगवलं गेलं आहे तेच वाचतो, म्हणजे ‘पाच’ एवढंच म्हणतो. कुठल्या महिन्याची पाच तारीख, कोणता वार, हे ऐकणाऱ्याला शोधत बसावं लागतं. ईमॅकस्पीक पडद्याकडे पाहतच नाही. ते ईमॅक्सच्या आत, त्याच लिस्पमध्ये राहतं. कर्सर पुढच्या दिवसावर नेणारं फंक्शन चाललं, की त्याला जोडून ईमॅकस्पीकची चार ओळींची भर चालते. ती कॅलेंडरलाच विचारते, आपण कोणत्या तारखेवर आहोत? आणि वारासकट पूर्ण तारीख बोलते.

लिस्पमध्ये याला अॅडव्हाइस म्हणतात. दुसऱ्यानं लिहिलेल्या फंक्शनला हात न लावता त्याच्या आधी, नंतर किंवा भोवती आपलं काही जोडण्याची ही सोय आहे. कॅलेंडर लिहिणाऱ्यानं दृष्टिहीनांचा विचार केला होता की नाही, याला मग महत्त्व उरत नाही. त्याची परवानगी लागत नाही, त्याच्या कोडची वेगळी प्रत ठेवावी लागत नाही. रामन यांनी एकेक करत ईमॅक्समधल्या पत्रव्यवहारापासून प्रोग्रॅम लिहिण्यापर्यंतच्या कामांना असा आवाज दिला. कोडमधली टिप्पणी डोळ्यांना वेगळ्या रंगात दिसते, ती कानांना वेगळ्या सुरात ऐकू येते. फाइल उघडली, मिटली, काही पुसलं, की प्रत्येकाचा छोटा वेगळा ध्वनी वाजतो. रामन स्वतः याच साधनावर काम करत आयबीएम आणि गुगलमध्ये संशोधन करत आले आहेत, आणि ईमॅकस्पीकमध्ये आजही भर पडते आहे. अपंगांसाठीची सोय बहुधा सगळं बांधून झाल्यावर, आठवण झाली तर, बाहेरून चिकटवली जाते. इथे ती ज्याला हवी होती त्यानं स्वतः, आतून, इतर कुणाची वाट न पाहता बांधली. घडवण्याचं स्वातंत्र्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी प्रथम हे उदाहरण देईन.

अडचणी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. ईमॅक्सच्या कळा आजच्या सर्वमान्य कळांच्या आधीच्या आहेत. कापणं, चिकटवणं यांची नावंही तिथे वेगळी आहेत. कंट्रोलची कळ इतकी वापरावी लागते की अनेकांची करंगळी आणि मनगट दुखावतं. निवडलेला मजकूर आपोआप ठळक दिसावा ही साधी गोष्ट मूळ मांडणीत २००९ च्या २३ व्या आवृत्तीपासून आली. जुन्या लोकांची सवय मोडू नये म्हणून बदल सावकाश होतात. त्यांची बाजूही खरी आहे, कारण तीस वर्षं बोटांत भिनलेली कळ बदलणं म्हणजे कामात खोडा घालणं. पण नव्या माणसाला त्याची किंमत पहिल्याच तासात मोजावी लागते.

यावर तोडगा म्हणून तयार मांडण्या निघाल्या, प्रील्यूड, स्पेसमॅक्स, डूम. स्पेसमॅक्समध्ये तर व्हिम या प्रतिस्पर्धी एडिटरच्या कळा चालतात आणि स्पेसबार दाबला की आज्ञांची यादी समोर येते. हजारो लोक यांच्यामुळे ईमॅक्सपर्यंत आले. मात्र १९७६ चा प्रश्न याच वाटेनं परत आला आहे. डूम शिकलेल्याला मूळ ईमॅक्सच्या मार्गदर्शिकेतल्या कळा लागू पडत नाहीत, त्याच्या अडचणीचं उत्तर मूळ ईमॅक्सवाल्याला देता येत नाही, आणि काही बिघडलं तर दोष ईमॅक्सचा की मांडणीचा हे शोधण्यातच वेळ जातो. माझं मत असं, की यातून सुरुवात करायला हरकत नाही, पण एकदा तरी कोऱ्या ईमॅक्सवर शिकवणी पुरी करावी.

गाभ्यात भर घालायची असेल तर आणखी एक उंबरठा आहे. पंधराएक ओळींहून मोठ्या कामासाठी लेखकाला आपला स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवल्याचा कागद सही करून द्यावा लागतो. अनेकदा नोकरी देणाऱ्या संस्थेचीही संमती लागते. वेळ आली तर न्यायालयात परवान्याचं रक्षण करता यावं, हा त्यामागचा हेतू. युनिप्रेसचा अनुभव लक्षात घेतला तर तो पटतो. पण कागदाच्या भानगडीत पडण्यापेक्षा बाहेर पॅकेज लिहिणं बरं, असं पुष्कळांना वाटतं. मेल्पा या स्वयंसेवकांनी चालवलेल्या भांडारात आज पाच हजारांहून अधिक पॅकेजं आहेत, आणि तिथे आत घेण्याआधी अनुभवी माणसं नव्या लेखकाचा कोड वाचून सुधारणा सुचवतात. हेही एक शिकणंच.

माणसांमधले ताण वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१९ मध्ये स्वतःच्या काही विधानांवरून झालेल्या निषेधानंतर फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडलं, आणि २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले तेव्हा अनेक संस्थांनी जाहीर विरोध केला. ईमॅक्सची रोजची देखभाल २००८ पासूनच इतरांकडे आहे. तरीही या वादानं काही माणसं दुरावली. स्त्रियांचा सहभाग तर आधीपासूनच फार कमी आहे. ज्या समाजात शिकणं माणसाकडून माणसाकडे जातं, तिथे कोण आत यायला कचरतं हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

एवढं असूनही हा एडिटर टिकला कसा, हे एका तुलनेतून पाहू. गिटहबनं २०१४ मध्ये अॅटम हा एडिटर काढला. तोही खुला होता, हवा तसा बदलता येणारा होता, दिसायला देखणा, शिकायला सोपा. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं गिटहब विकत घेतलं. त्यांचा व्हीएस कोड हा एडिटर आधीपासून होताच. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अॅटम बंद झाला. काही चाहत्यांनी त्याच कोडवरून पल्सर नावानं काम पुढे नेलं, पण अॅटमसाठी मेहनतीनं पॅकेजं लिहिणाऱ्या असंख्य लोकांना दुसरीकडे जावं लागलं. व्हीएस कोड वापरणाऱ्यांच्या तुलनेत ईमॅक्सवाले आज मूठभर आहेत. मात्र त्यांचं साधन बंद करण्याचा निर्णय घेऊ शकेल अशी कंपनीच नाही. २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत कोड लिहिताना चुका आणि सूचना दाखवणारी, व्हीएस कोडमुळे रुळलेली भाषा-सर्व्हरची पद्धत ईमॅक्समध्ये अंगभूत झाली. म्हणजे बाहेरचं चांगलं ते उचलणंही चालू आहे.

मराठी लिहिणाऱ्याला यात काय मिळतं? ईमॅक्सला अनेक लिप्या शिकवण्याचं मूळ काम जपानमध्ये केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९९७ च्या २० व्या आवृत्तीत ते मुख्य प्रवाहात आलं. देवनागरीचा आधारही ताइची कावाबाता या जपानी माणसानं लिहिला. इन्स्क्रिप्ट आणि आयट्रान्स या दोन्ही पद्धतींनी टंकन करण्याची सोय ईमॅक्सच्या आतच आहे, बाहेरचं काही बसवावं लागत नाही. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ ही सॉफ्टवेअर लायब्ररी करते, त्यामुळे जोडाक्षरं नीट दिसतात.

एक नमुना देतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी माणसाला सांगायला नको. पण संगणकात हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. काही टंकनपद्धती नुक्त्याचं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक खूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वेगवेगळ्या लेखकांकडून आलेला मजकूर एकत्र केला की ‘वऱ्हाड’ शोधताना निम्मे वऱ्हाड सापडतात आणि निम्मे हुकतात. ईमॅक्समध्ये अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरची खूण दाबली, की एका खिडकीत त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक, नाव आणि ते ज्यांच्यासह जुळलं आहे ती सगळी चिन्हं येतात. कोणता ‘ऱ’ कोणत्या जातीचा हे तिथे स्पष्ट होतं. मग चार-पाच ओळींचं फंक्शन लिहायचं, जिथे जिथे र, हलन्त आणि जोडक खूण असेल तिथे तिथे ऱ आणि हलन्त घाल, असं. त्याला एक कळ नेमून द्यायची. माझ्याकडे येणारा प्रत्येक लेख मी या कळेखालून काढतो. दुसऱ्या मुद्रितशोधकाला हे हवं असेल तर चार ओळी उचलून त्याला देता येतात, आणि तो त्यात अनुस्वारांची, अवतरणचिन्हांची भर घालू शकतो.

महाराष्ट्रात मुक्त सॉफ्टवेअरची माणसं कमी नाहीत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे नागार्जुन जी. यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची धुरा दीर्घकाळ वाहिली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं मुक्त साधनांचे धडे मराठी आवाजात दिले. पण ईमॅक्सच्या बाबतीत मराठीत हाती देण्यासारखं जवळपास काही नाही. त्याचे मेनू आणि संदेश अजून इंग्रजीतच आहेत, त्यांच्या भाषांतराची यंत्रणाच आत नाही. शिकवणीचं मात्र तसं नाही. ती जपानी, रशियन, थाई, हिब्रू, स्लोव्हेनियन अशा कितीतरी भाषांत ईमॅक्ससोबत येते. भारतीय भाषांपैकी एकीतही ती नाही. देवनागरीची मांडणी निवडून शिकवणी मागितली तरी इंग्रजीच उघडते. मूळ फाइल हजाराहून थोड्या जास्त ओळींची आहे, साध्या मजकुराची, आणि तिच्या भाषांतरासाठी लिस्प यावं लागत नाही. लागतील ते चांगलं मराठी येणारे दोघेतिघे, फाउंडेशनच्या कागदावर त्यांच्या सह्या, आणि दर नव्या आवृत्तीला मूळ फाइलशी ताडून पाहणारं कुणीतरी एक.